मायक्रोसेकंदांचे आयुष्य

सौरघटाच्या इतिहासात १९५४ हे वर्ष हमखास पुढे येते. परंतु घटात वीज कोठे मुरते हे समजण्याची वाट त्याआधी, १९४९ च्या सुमारास, न्यू जर्सीतील मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत जर्मेनियमच्या एका बारीक कांडीने उघडली होती. तेथील संशोधक हेन्स आणि शॉकली यांनी कांडीच्या दोन टोकांमध्ये विद्युतदाब लावला, एका टोकदार तारेतून 'होल' (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, जी धनभारासारखी वागते) यांचा क्षणिक लोंढा आत सोडला आणि काही अंतरावर टेकवलेल्या दुसऱ्या तारेने तो टिपला. ऑसिलोस्कोपवर आधी स्पंद दिल्याच्या क्षणाचे टोक उमटे आणि काही मायक्रोसेकंदांनी एक पसरट उंचवटा. त्याला झालेल्या उशिरावरून होलांचा वेग, पसरटपणावरून विसरण आणि घटत्या क्षेत्रफळावरून वाटेत इलेक्ट्रॉनांशी मिळून किती होल नाहीसे झाले, म्हणजेच त्यांचे 'आयुष्य', काढता येई. एका वक्रात तीन उत्तरे मावणारे प्रयोग विरळाच.

इलेक्ट्रॉन व होल यांचा हा पुनर्संयोग स्फटिकातील दोष व अशुद्धी यांच्या आधाराने कसा घडतो, याची उपपत्ती १९५२ मध्ये शॉकली व रीड आणि स्वतंत्रपणे हॉल यांनी मांडली. चॅपिन, फुलर व पिअरसन यांच्या १९५४ च्या सिलिकॉन सौरघटाची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के भरली, त्यामागेही हाच हिशेब होता: वाहक (होल किंवा इलेक्ट्रॉन) मरण्याआधी पी व एन प्रकारच्या सिलिकॉनच्या सांध्यापर्यंत पोहोचावेत म्हणून बोरॉन वरच्या पातळ थरातच मुरवून सांधा पृष्ठभागाजवळ आणला गेला. उघडे सिलिकॉन जवळपास एक तृतीयांश प्रकाश परतवते, ही गळती निराळी आणि लेप देऊन आवरता येण्याजोगी. १९६१ मध्ये शॉकली व क्वाइसर यांनी आदर्श घटातही न टळणारा तोटा वेगळा काढला आणि एकाच सांध्याच्या घटाला सुमारे ३० टक्क्यांची मर्यादा घातली.

अवकाशात मात्र आयुष्य पुन्हा निर्णायक ठरले. प्रारणाने स्फटिकात नवे दोष पडतात आणि वाहक लवकर मरतात. पी-प्रकारच्या (होल बहुसंख्य असलेल्या) सिलिकॉनमधील चपळ इलेक्ट्रॉन हा मारा अधिक सोसत असल्याने १० जुलै १९६२ रोजी सुटलेल्या टेलस्टार उपग्रहावर तशा पायाचे ३,६०० घट बसवले गेले. आदल्याच दिवशी अमेरिकेने उंच आकाशात अणुस्फोट केल्याने प्रारण बेसुमार वाढले होते. तरी उपग्रह फेब्रुवारी १९६३ मध्ये मूक झाला तो आज्ञा स्वीकारणाऱ्या मंडलातील ट्रान्झिस्टर निकामी झाल्यामुळे, घटांमुळे नव्हे.