टाकीविरहित जलतापक

गरम पाण्याचा साठा न करता, नळ उघडल्यावर नळीतून वाहणारे थंड पाणी वाटेतच तापवून देणारे उपकरण. यास तत्क्षण जलतापक असेही म्हणतात. महाराष्ट्रातील घराघरांत पूर्वी असलेला तांब्याचा बंब किंवा आजचा विजेचा टाकीयुक्त जलतापक ही साठ्याची उपकरणे होत. त्यांत पाणी आधी तापवून ठेवावे लागते. टाकीविरहित उपकरणात पाणी तापविणे व वापरणे या क्रिया एकाच वेळी घडतात.

पाण्याची विशिष्ट उष्णता मोठी असल्यामुळे हे काम दिसते तितके सोपे नाही. मिनिटाला १० लि. पाण्याचे तापमान ४०° से. ने वाढवावयाचे झाल्यास सु. २८ किलोवॉट शक्ती लागते. टाकीच्या उपकरणाला २ किलोवॉटचा तापकही पुरतो, कारण तो तेच काम सावकाश करीत असतो. म्हणजे टाकी काढून टाकली की तिच्या जागी मोठी ज्वाला आणावी लागते. ती ज्वाला बंदिस्त इमारतीत निर्धोकपणे कशी राखावी, या प्रश्नाभोवतीच या उपकरणाचा इतिहास घडला आहे.

प्रारंभ : एकोणिसाव्या शतकात दिव्यांसाठी दगडी कोळशापासून केलेला वायू नळांवाटे शहरांत खेळविण्यात आला आणि हवी तेव्हा पेटविता व विझविता येणारी ज्वाला घरात उपलब्ध झाली. लंडनमधील बेंजामिन वॅडी मॉन यांनी १८६८ मध्ये वायूवर चालणाऱ्या तत्क्षण जलतापकाचे एकस्व (पेटंट) घेतले. आइसलँडमधील उष्णोदकाच्या कारंज्यावरून त्यांनी त्यास ‘गीझर’ हे नाव दिले. या उपकरणात ज्वालेचे तप्त वायू खाली येणाऱ्या पाण्याशी प्रत्यक्ष संपर्कात येत. ते बाहेर वाहून नेण्यासाठी धुराडे नव्हते. वायू व पाणी यांच्या तोट्या हातानेच उघडाव्या लागत. ज्वलनवायू स्नानगृहातच साचत आणि पाण्याचा प्रवाह खंडित झाला, तर तापमान आवरणारे काहीही नसे.

जर्मनीमध्ये या दोषांवर उपाय शोधण्यात आले. रेमशाइट येथील योहान व्हायलांट यांनी १८९४ मध्ये बंदिस्त पद्धतीच्या स्नानजलतापकाचे एकस्व मिळविले. त्यामुळे पाणी व ज्वलनवायू यांचे मार्ग विलग झाले. त्याच सुमारास ह्यूगो युंकर्स (१८५९–१९३५) यांनी इंधनवायूची उष्णता मोजणारा कॅलरीमापक सिद्ध केला होता. ज्वालेची उष्णता वाहत्या पाण्याला देऊन तिचे मापन करणे, हे त्या मापकाचे तत्त्व. तेच त्यांनी जलतापकासाठी उपयोगात आणले व १८९५ मध्ये डेसाऊ येथे कारखाना काढला. या व्यवसायातील नफा युंकर्स यांनी विमानसंशोधनाकडे वळविला. संपूर्ण धातूचे त्यांचे विमान १९१५ मध्ये उडाले. आर्थिक अडचणीमुळे १९३२ मध्ये जलतापकाचा व्यवसाय त्यांना बॉश कंपनीला विकावा लागला.

अमेरिकेत पिट्सबर्ग येथे मूळचे नॉर्वेचे अभियंते एडविन रूड (१८५४–१९३२) यांनी १८८९ च्या सुमारास स्वयंचलित टाकीयुक्त जलतापक तयार केला. तेथे पुढे टाकीच अधिक रूढ झाली, तर यूरोप व जपानमधील लहान घरांत भिंतीवरील टाकीविरहित उपकरणे लोकप्रिय झाली. नळ उघडताच पाण्याच्या दाबातील फरकाने पडदा हलून वायूची झडप उघडते व प्रवाह थांबताच ती मिटते, ही योजना त्यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने निर्णायक ठरली.

व्यापारी इमारतींतील वापर : हॉटेले, रुग्णालये, वसतिगृहे व धुलाईगृहे येथील मागणी दिवसभर सारखी नसते, ती सकाळच्या थोड्या अवधीत उसळते. ५० स्नानगृहांत एकाच वेळी मिनिटाला प्रत्येकी ८ लि. पाणी ३०° से. ने तापवावयाचे झाल्यास सु. ८४० किलोवॉट शक्ती लागेल. सर्व नळ एकाच क्षणी उघडले जात नसल्याने प्रत्यक्षातील मागणी कमी असते, तथापि एका ज्वालेच्या आवाक्याबाहेरची ती असतेच. म्हणून मोठ्या इमारतींत बाष्पित्रातील वाफेवर पाणी तापवून ते टाक्यांत साठविण्याची पद्धत रूढ झाली. बर्डसिल हॉली यांनी १८७७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लॉकपोर्ट येथे व त्यानंतर १८८२ मध्ये न्यूयॉर्क शहरात एका कंपनीने अनेक इमारतींना मध्यवर्ती ठिकाणाहून वाफ पुरविण्यास आरंभ केल्यावर, वाफेच्या नळ्यांवरून पाणी वाहू देऊन ते तापविणेही अशा इमारतींना शक्य झाले.

१९७३ च्या तेलसंकटानंतर टाकीतून अहोरात्र वाया जाणाऱ्या उष्णतेकडे लक्ष वेधले गेले. पुढे इलेक्ट्रॉनीय नियंत्रणामुळे अनेक लहान जलतापक एकत्र जोडून मागणीनुसार त्यांतील हवे तेवढेच चालू ठेवणे साध्य झाले. एक उपकरण बिघडले, तरी उरलेली काम देतात. ज्वलनवायूंतील वाफेचे द्रवीकरण करून तिची उष्णताही घेणाऱ्या उपकरणांची कार्यक्षमता ९०% हून अधिक असते. मात्र दुष्फेन पाण्यातील क्षारांचे थर अरुंद नळ्यांत लवकर साचत असल्याने त्यांची नियमित सफाई आवश्यक असते.

आरोग्य व सुरक्षितता : फिलाडेल्फियातील एका हॉटेलात १९७६ मध्ये भरलेल्या माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर न्यूमोनियाची घातक साथ उद्भवली. तिला कारणीभूत असलेल्या लीजनेला सूक्ष्मजंतूचा शोध १९७७ च्या प्रारंभी जाहीर झाला. त्या साथीचा संबंध वातानुकूलनाशी जोडण्यात आला. परंतु कोमट पाण्याच्या टाक्या व नळ यांतही हे सूक्ष्मजंतू वाढतात, असे पुढे आढळले. त्यामुळे टाकीतील पाणी सु. ६०° से. तापमानास राखण्याची शिफारस करण्यात येते. टाकी नसल्यास जंतुवाढीची एक जागा कमी होते. पण लांब नळांत पाणी तुंबून राहिल्यास धोका उरतोच.

कार्बन मोनॉक्साइडाचा धोका मात्र टाकीविरहित उपकरणात अधिक गंभीर असतो. हा वायू रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हीमोग्लोबिनाशी ऑक्सिजनापेक्षा सु. २०० पट अधिक आसक्तीने संयोग पावतो. बंद स्नानगृहात ज्वाला जळत राहिल्यास तेथील ऑक्सिजन घटतो, ज्वलन अपूर्ण होते व स्नान करणारी व्यक्ती पूर्वसूचनेवाचून बेशुद्ध पडते. बाहेरची हवा घेऊन ज्वलनवायू बाहेरच सोडणारे बंदिस्त धुराडे, किंवा उपकरणच भिंतीबाहेर बसविणे, हे यावरील खरे उपाय होत.

भारतात ‘गीझर’ हा शब्द प्रामुख्याने विजेच्या टाकीयुक्त उपकरणासाठी रूढ झाला, म्हणजे मूळ अर्थाच्या नेमका उलट. घरगुती विजेच्या जोडणीवर चालणाऱ्या ३ किलोवॉटच्या तत्क्षण तापकातून, तापमान २०° से. ने वाढवावयाचे तर, मिनिटाला जेमतेम २ लि. पाणी मिळते. द्रवीकृत खनिज तेल वायूवरील लहान जलतापकांनी ही उणीव भरून काढली. परंतु ते धुराड्याविना स्नानगृहातच बसविल्याने मृत्यू ओढवल्याच्या घटना महाराष्ट्रासह अनेक राज्यांत घडल्या आहेत. त्यांतून होणाऱ्या मेंदूच्या विकारांची नोंद भारतीय वैद्यकीय लेखनात ‘गॅस गीझर सिंड्रोम’ या नावाने झाली आहे. मुंबई परिसरात १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅस लि. या कंपनीमार्फत नळाद्वारे नैसर्गिक वायू मिळू लागल्यामुळे हॉटेलांसारख्या आस्थापनांना असे जलतापक वापरणे सुलभ झाले. तथापि इंधन कोणतेही असो, मॉन यांच्या उपकरणात जे नव्हते ते धुराडे आजही अत्यावश्यक आहे.