बर्ड आयलंड: नकली पक्ष्यांनी वाचवलेलं बेट

दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लॅम्बर्ट्स बे हे मासेमारी बंदर आहे. त्याला लागूनच बर्ड आयलंड. मध्ये बांध घातल्यामुळे या बेटावर चक्क चालत जाता येतं! इथे केप गॅनेट हे समुद्रपक्षी हजारोंच्या संख्येने, एकमेकांना खेटून घरटी करतात. जगात त्यांच्या वसाहती फक्त ६ बेटांवर आहेत: ३ नामिबियात, ३ दक्षिण आफ्रिकेत. म्हणूनच २००५-०६ च्या हंगामात सील प्राण्यांनी हल्ले केले आणि अख्खी वसाहत बेट सोडून गेली, तेव्हा चिंता वाढली. सीलचा बंदोबस्त झाला, पण रिकाम्या बेटावर गॅनेट सहसा उतरत नाहीत. त्यांना आपल्यांची गर्दी दिसावी लागते. मग तिथे रंगवलेले नकली गॅनेट मांडले. फसून का होईना, खरे पक्षी परतले.