जिभेची साक्ष

गेल्या दिवाळीची गोष्ट. फराळाला बसलो होतो. चिवड्यावर लिंबू पिळता पिळता नातीने विचारले, "आजोबा, जितकं आंबट तितकं व्हिटॅमिन 'सी' जास्त, हो ना?" रसायनशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, पण मला तिला हसवेना. हीच चूक एका बलाढ्य आरमाराने केली होती, आणि ती उमगायला पन्नासाहून अधिक वर्षे लागली.

1747 साली जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारी डॉक्टरने 'सॅलिसबरी' जहाजावर स्कर्व्हीचे 12 खलाशी निवडले. या रोगात हिरड्या सुजतात, जुन्या जखमा उकलतात, माणूस झिजून मरतो. लिंडने दोघादोघांच्या जोड्या केल्या. कोणाला व्हिनेगर, कोणाला पातळ गंधकाम्ल, कोणाला समुद्राचे पाणी! ज्या दोघांना संत्री व लिंबे मिळाली, त्यांतला एक सहा दिवसांत कामाला उभा राहिला. तरी आरमारात लिंबाचा रस सर्रास मिळू लागायला 1795 साल उजाडले.

पुढे 1860च्या सुमारास भूमध्य समुद्राकाठच्या मोठ्या पिवळ्या लिंबांची जागा वेस्ट इंडीजमधल्या लहान हिरव्या लिंबांनी घेतली. ही आपल्या कागदी लिंबाचीच जात. ती ब्रिटिश वसाहतींत पिकत आणि चवीला चांगली आंबट. गुण आंबटपणात, हा समज पक्का. मग शंका घेणार कोण? 1875 साली कॅप्टन नेअर्स यांची मोहीम उत्तर ध्रुवाकडे निघाली. बर्फावरून गाड्या ओढणाऱ्या तुकड्यांना स्कर्व्हीने गाठले, माणसे दगावली. चौकशी समितीने ठपका ठेवला तो तुकड्यांबरोबर हा रस दिला नव्हता म्हणून. बाटलीतल्या रसात मुळात दम किती, हे कोणी मोजले नाही. मोजायला मापच नव्हते.

माप मिळाले ते एका लहानशा प्राण्यामुळे. 1907 साली नॉर्वेत होल्स्ट व फ्रोलिक यांनी गिनिपिगलाही स्कर्व्ही होते असे दाखवले. मग पहिले महायुद्ध पेटले. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात (1915-16) सहाव्या पुणे डिव्हिजनचे हिंदी जवान अडकले. त्यांत मराठा पलटणीही होत्या. त्या उपासमारीत कित्येकांना स्कर्व्हीने ग्रासले. त्याच युद्धकाळात लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया प्राण्यांना मोजून रस पाजत होत्या. 1918 साली निकाल लागला: ताज्या हिरव्या लिंबाचा गुण पिवळ्या लिंबाच्या सुमारे चौथाई, साठवलेल्या रसात तर जवळजवळ काहीच नाही! चिकबाईंनी आणखी एक दाखवले. कोरड्या कडधान्यात हा गुण नसतो, पण मोड आणले की तो येतो. आपल्या आज्या-पणज्या मटकी भिजत घालीत, त्यात एवढे औषध होते!

1932 साली हंगेरीत सेंट-ग्यॉर्गी आणि अमेरिकेत किंग यांच्या कामातून हे द्रव्य ओळखले गेले. मग गिनिपिगची वाट पाहायला नको. रसाने आयोडीनचा रंग किती घालवला, एवढे पाहिले की झाले.

तोच प्रयोग आम्ही स्वयंपाकघरात मांडला. तीन पेल्यांत सारखे पाणी आणि चमचा चमचा भाताची पेज. पहिल्यात चिमूटभर लिंबूसत्व, दुसऱ्यात चमचाभर लिंबाचा रस, तिसऱ्यात तेवढाच मोसंबीचा. ड्रॉपरने टिंक्चर आयोडीनचे थेंब सोडायचे आणि निळा रंग टिकेपर्यंत मोजायचे. व्हिटॅमिन असेपर्यंत ते आयोडीनला गिळते. संपले की पेज निळी होते. (पेले नंतर मोरीत ओतायचे, प्यायचे नाहीत.)

लिंबूसत्वाचा पेला पहिल्याच थेंबाला निळा झाला. दात आंबतील इतके आंबट, आणि व्हिटॅमिन शून्य! लिंबाने बरेच थेंब पचवले. गोड मोसंबीने त्याहून अधिक.

नात पेल्यांकडे पाहतच राहिली. "म्हणजे आजोबा, जीभ खोटं बोलते?"

"नाही गं," मी म्हणालो, "जीभ खरंच बोलते. आपणच तिला भलता प्रश्न विचारतो."