यंत्रांचें शक आणि घड्याळें

संगणकास वेळ विचारणें ही गोष्ट आज साधी वाटते. ती तशी होण्यास कित्येक दशकें लागलीं. आरंभीं प्रत्येक संगणकप्रणालीनें आपला शक निराळाच मानला होता. युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या पुस्तिकेंत काळ १ जानेवारी १९७१ पासून, सेकंदाच्या साठाव्या भागांनीं मोजला आहे. या मापानें बत्तीस द्विमान अंकांची जागा सव्वादोन वर्षांतच भरून जाई! तेव्हां पुढें एकक सेकंद ठरलें व शकारंभ १९७० वर स्थिरावला. जुन्या मॅकिंटॉशचा शक १९०४ चा. विंडोज एनटीचा तर १६०१ चा, आणि एकक सेकंदाचा एक कोटीवा भाग.

त्यामुळें एका प्रणालीवरील प्रोग्रॅम दुसरीवर न्यावयाचा म्हणजे घड्याळ वाचणारा भाग नव्यानें लिहावा लागे. सावध मंडळी दोन्ही भाग शेजारीं शेजारीं ठेवीत. पण एकांतील चूक सुधारली तरी दुसऱ्यांतील तशीच राही.

१९८९ सालीं सी भाषेचें अमेरिकन प्रमाण मंजूर झालें. त्यांतील स्टँडर्ड लायब्ररी, म्हणजे भाषेबरोबर सर्वत्र मिळणारा तयार क्रियांचा संग्रह, हिच्यांत 'टाइम' नें वेळ विचारावी व 'डिफटाइम' नें दोन वेळांतील अंतर सेकंदांत काढावें अशी सोय होती. मौज ही कीं, शक कोणता व एकक कोणतें हें प्रमाणानें सांगितलेंच नाहीं. तें यंत्रानें ठरवावें, प्रोग्रॅम लिहिणारानें त्यांत डोकावूं नये. हें मौन मोठें शहाणपणाचें होतें. मात्र सूक्ष्म मोजणीसाठीं लोक पुन्हां प्रणालीच्या खास क्रियांकडेच वळत.

ती उणीव २०११ च्या सी प्लस प्लस प्रमाणांतील 'क्रोनो' नें भरून काढली. त्यांत घड्याळें वेगवेगळीं आहेत: एक भिंतीवरच्यासारखें, मागेंपुढें करतां येणारें, दुसरें कधींही मागें न जाणारें. 'किती वाजले' आणि 'किती वेळ गेला' हे प्रश्न एक नव्हेत, हें येथें भाषेनेंच मान्य केलें.

हा भेद क्षुल्लक नव्हे. ३१ डिसेंबर २०१६ च्या अखेरीस पृथ्वीच्या भ्रमणाशीं मेळ घालण्यासाठीं जगाच्या घड्याळांत एक सेकंद वाढविला गेला. भारतांत तेव्हां नव्या वर्षाच्या पहांटेचे साडेपांच वाजत होते. त्या क्षणीं क्लाउडफ्लेअर कंपनीच्या एका प्रोग्रॅमला गेलेला वेळ शून्याहून कमी भरला. तो कोलमडला आणि कांहीं संकेतस्थळांचे पत्ते सांपडेनासे झाले. प्रोग्रॅम गो भाषेंतील होता, आणि तिच्या लायब्ररींत मागें न जाणारें घड्याळ सामान्य लेखकास तोंवर उपलब्ध नव्हतें. ऑगस्ट २०१७ च्या गो १.९ मध्यें तें जुन्याच 'टाइम.नाउ' या क्रियेच्या पोटांत बसविण्यांत आलें. जुने प्रोग्रॅम एक अक्षरही न बदलतां, नुसते पुन्हां संकलित करून, गेलेला वेळ बिनचूक मोजूं लागले.