भरवशाच्या डिस्कची कुळकथा

हुमनाबादजवळच्या दुबलगुंडीत लग्नाचे व्हिडिओ, मुलांची प्रमाणपत्रे, शेतीच्या पहाणीच्या, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याच्या, स्कॅन प्रती असे सगळे एका जागी ठेवायला कुणी मोठी हार्ड डिस्क घ्यायला निघाले, की पहिला प्रश्न ठरलेला: कुठल्या कंपनीची टिकते? माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. या यंत्राची क्षमता वाढत गेली, भाव कोसळत गेले. पण एकटी डिस्क हमखास टिकेल अशी सोय आजवर कुणालाच करता आलेली नाही. भरवसा आला तो एकाऐवजी अनेक डिस्क वापरण्यातून.

या कुळाचा मूळपुरुष 1956 सालचा, आयबीएमच्या रॅमॅक संगणकाबरोबर आलेला. 24 इंची 50 तबकड्या, वजन टनाच्या घरात आणि क्षमता 50 लाख अक्षरे, म्हणजे आजच्या मापाने पावणेचार एमबी. मोबाइलवरचा एखादा फोटोच जेमतेम मावेल. सगळ्या यंत्रणेचे भाडे महिन्याला सुमारे 3,200 डॉलर. 1980 साली सीगेटने सव्वापाच इंची, 5 एमबीची डिस्क काढली आणि हे यंत्र टेबलावरच्या संगणकात शिरले. 1988 साली आल्बेर फेर्ट आणि पीटर ग्रुनबर्ग यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या चुंबकीय गुणधर्मामुळे अतिसूक्ष्म खुणाही वाचता येऊ लागल्या. त्या शोधाला 2007 साली नोबेल मिळाले, त्याच वर्षी हिताचीची 1 टीबीची डिस्क बाजारात आली. मात्र एवढ्या दाटीत वाचणारे हेड फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगते. चालू डिस्क टेबलावरून पडली, तर तबकडीवर ओरखडा उठायला तेवढे पुरते.

भरवशाची शाखा वेगळी फुटली. 1988 सालीच बर्कले विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ यांनी ‘रेड’ची मांडणी केली: एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त, छोट्या डिस्क जोडा आणि एक बिघडली तरी माहिती उरेल अशी जादा नोंद ठेवा. डिस्क बिघडणार, हे त्यांनी गृहीतच धरले होते.

यावर कुणी म्हणेल, नामांकित कंपनीची महाग डिस्क घेतली की झाले. पण ज्या आयबीएमने हे यंत्र जन्माला घातले, तिच्याच डेस्कस्टार मालिकेतल्या 75जीएक्सपी डिस्कविरुद्ध तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या. 2007 साली गूगलच्या अभियंत्यांनी लाखाहून अधिक डिस्क तपासल्या, तेव्हा बिघडलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक डिस्कनी आतल्या स्वयंतपासणीत एकही इशारा दिलेला नव्हता. वॉरंटी असली तरी बदलून मिळते ती डिस्क, आतले फोटो नव्हेत. एकाच प्रतीवर विसंबण्याची जोखीम पहाणीवाल्यांना नवी नाही. कर्नाटकच्या ‘भूमी’ योजनेने सुमारे 67 लाख शेतकऱ्यांच्या नोंदी संगणकावर नेण्याआधी शेताचा हिशेब गावच्या दप्तरातच असे.

दुसरा आक्षेप पैशाचा: दोन डिस्क म्हणजे दुप्पट खर्च. तो खरा आहे, आणि मोठ्या डिस्कवर दर टीबीमागे भाव कमी पडतो हेही खरे. पण 8 टीबी घेऊन 2 टीबीच भरणार असेल, तर ती बचत कागदावरच राहते. म्हणून आधी आपला साठा मोजा, त्याच्या दीड-दोनपट क्षमता धरा. 4 टीबीच्या डिस्कवर विंडोज 3.63 दाखवते. ती फसवणूक नव्हे, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज 1,024 च्या. इंटरनेटवर साठवणे हाही मार्ग आहे. मात्र दरमहा पैसे भरावे लागतात, आणि शेकडो जीबींचे व्हिडिओ चढवायला लाइन तशी हवी. मोजक्या कागदपत्रांसाठी तो जरूर वापरा.

तेव्हा एकाच महागड्या डिस्कवर पैसे घालू नका. मध्यम क्षमतेच्या, पक्क्या बिलाच्या दोन साध्या डिस्क घ्या, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या. दोन्हींवर तेच भरा, आणि दुसरी नातेवाइकांच्या घरी ठेवा.