कागद, चाकू आणि जेरुसलेमची दिशा



आपल्यात लग्न ठरलं की मेंदी, मलिदा, हॉल, साड्या यांची यादी आधी होते आणि केतुबा शेवटी आठवतो. हल्ली काही मुलं-मुली हाताने कापलेल्या कागदाचा केतुबा करून घेतात. किंमत ऐकून घरातली वडीलधारी विचारतात, "कागदाला एवढे पैसे?" या प्रश्नाचं उत्तर जुनं आहे, म्हणून आज आम्ही हा विषय घेतला.

कागद कापण्याची कला ज्यू लोकांत फार पूर्वीपासून आहे. स्पेनमधल्या शेम तोव आर्दुतिएल या कवीने 1345 साली लेखणी आणि कात्री यांच्या भांडणावर एक रचना केली. तिच्यात शाई गोठते, म्हणून अक्षरं कात्रीने कापली जातात. पुढे इटलीत चर्मपत्रावरच्या केतुबांना जाळीसारखं कापकाम होऊ लागलं. पण ही कला घरोघरी फुलली ती 19व्या शतकात, पोलंड आणि आसपासच्या मुलखात. करणारे बहुतेक साधे शिक्षक आणि येशिवात शिकणारी मुलं. कागद मधोमध दुमडून लाकडी फळीवर घट्ट बसवायचा आणि धारदार चाकूने कापायचा. उलगडला की दोन्ही बाजूंना सारखेच सिंह, हरणं, पक्षी. अक्षरं मात्र दुमडलेल्या कागदात कापून चालत नाही, एका बाजूची उलटी येतात. शावुओतला खिडकीवर अशी कागदी फुलं लागत, आणि भिंतीवर 'मिझराख', म्हणजे पूर्व दिशा दाखवणारं चित्र.

ही कामं सहसा विकण्यासाठी नसत आणि पुष्कळांवर करणाऱ्याचं नाव नसे. महायुद्धात माणसं मारली गेली, घरं गेली, तिथे कागद कसा टिकणार? पोलंडहून हैफाला आलेल्या गिझा फ्रँकेल यांनी उरलेल्या कामांचा अभ्यास केला. जन्माने अमेरिकन असलेल्या येहुदित शादुर यांनी जेरुसलेममध्ये ही कला पुन्हा हाती घेतली. लंडनमध्ये जन्मलेले आर्ची ग्रॅनोट जेरुसलेममध्येच शस्त्रक्रियेच्या चाकूने कागदाचे थरावर थर कापतात. त्यांच्या 55 पानांच्या हग्गादाला जवळजवळ 10 वर्षं लागली. नाव घालून, किंमत लावून काम विकणारे असे कलाकार झाले, म्हणून ही कला आज जिवंत आहे.

यात आपलं काय? कोकणात किंवा मुंबईत आपल्या घरी मिझराख लावला असता तर तोंड चुकीच्या दिशेला झालं असतं. तिथून जेरुसलेम पश्चिमेला, म्हणून आपल्या मशिदींतला हेखाल पश्चिमेच्या भिंतीला. मग आपली माणसं अश्दोदला आली आणि जेरुसलेम पूर्वेला झालं. बीरशेवात राहिली त्यांना ते उत्तरेकडे. एका पिढीत आपल्या भिंतीची दिशा बदलली. ही गोष्ट कुठल्याच तयार चित्रात सापडणार नाही. ती सांगून करून घ्यावी लागेल.

आणि मराठीत करून घ्यावी. हिब्रू अक्षरं सुटी असतात, प्रत्येक अक्षर कुठल्या तरी वेलीला किंवा चौकटीला जोडलेलं ठेवावं लागतं, नाहीतर गळून पडतं. आपल्या देवनागरीला शिरोरेषा आहे, ती अख्खा शब्द धरून ठेवते. आजीचं गावावरून पडलेलं आडनाव एका सलग कागदात कापता येईल.

लेझर यंत्रावर असं काम झटपट आणि स्वस्तात निघतं. ज्याला परवडत नाही त्याने ते जरूर घ्यावं, त्यात कमीपणा नाही. पण हाताचं काम मागवाल तेव्हा घासाघीस करू नका. नक्षी आखण्याचे दिवस, कापण्याचे तास आणि शेवटच्या क्षणी चाकू घसरून वाया गेलेला कागद, हे सगळं त्या किमतीत असतं. कलाकाराला कोपऱ्यात सही करायलाही सांगा. पोलंडमधल्या त्या मास्तरांची नावं आपल्याला कळली नाहीत. आपल्या नातवंडांवर तरी ती वेळ येऊ नये.