खासदार लंडनमध्ये, मतदार मेलबर्नमध्ये

आजच्या भागात जाऊया १८४०च्या दशकातल्या ऑस्ट्रेलियात. मतदारसंघाचं नाव पोर्ट फिलिप.

आजचं व्हिक्टोरिया राज्य म्हणजे जवळपास तेव्हाचा पोर्ट फिलिप जिल्हा. आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या पाऊणपट. पण कारभार चालायचा न्यू साउथ वेल्सच्या राजधानीतून, सिडनीतून. १८४३ मध्ये तिथल्या कायदेमंडळाची पहिली निवडणूक झाली. ३६ पैकी २४ सदस्य निवडून आलेले, बाकीचे नेमलेले. मेलबर्न शहराला १ जागा आणि उरलेल्या सगळ्या ग्रामीण पोर्ट फिलिपला मिळून ५.

कागदावर छानच! पण मेलबर्न ते सिडनी अंतर जवळपास ९०० किलोमीटर, रेल्वे नाही आणि सदस्यांना पगारही नाही. मेंढपाळी सोडून महिनोन्‌महिने सिडनीत कोण राहणार? म्हणून निकल्सन, वॉकर, लँग असे सिडनीत राहणारेच पोर्ट फिलिपचे प्रतिनिधी झाले. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हा सरळ लेटन्सीचा प्रॉब्लेम वाटतो. तक्रार इथे, सर्व्हर तिकडे. वर इथल्या जमिनी विकून आलेला पैसा सिडनीत खर्च होतो, हा लोकांचा राग होताच.

लँग सिडनीकर असले तरी पोर्ट फिलिपसाठी भांडले. १८४४ मध्ये त्यांनी वेगळ्या वसाहतीचा ठराव मांडला. तो पडला.

मग १८४८ मध्ये मेलबर्नकरांनी भारी डोकं लावलं. त्यांनी थेट लंडनमधले वसाहतमंत्री अर्ल ग्रे यांनाच निवडून दिलं! २९५ विरुद्ध १०२ मतांनी. (अर्ल ग्रे चहा यांच्या वडिलांच्या नावाचा, असं म्हणतात.) ते सिडनीच्या सभागृहात येणार नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. मुद्दाच तो होता: आमची खुर्ची तशीही रिकामीच आहे, मग ती सगळ्यांना दिसू दे.

१८५० मध्ये ब्रिटिश संसदेने वेगळ्या वसाहतीचा कायदा केला. १ जुलै १८५१ला व्हिक्टोरिया जन्माला आली आणि पोर्ट फिलिप मतदारसंघ इतिहासजमा झाला.

पण एक गोष्ट विसरू नका. हे मत फक्त मालमत्ता असलेल्या पुरुषांचं होतं. बायकांना मत नव्हतं. आणि ज्या कुलिन लोकांच्या जमिनीवर मेलबर्न उभं राहिलं, त्यांच्यासाठी सिडनीत, मेलबर्नमध्ये किंवा लंडनमध्ये कुठेच खुर्ची नव्हती. रिकामीसुद्धा नाही.

तुमच्या भागाचा प्रतिनिधी शेवटचा कधी दिसला? कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!